प्रतीला साक्षीदार हवा

१९९२ ते २०१० या काळात श्रीरामपूरला माझं कॅसेटचं दुकान होतं. पहिली दहा वर्षं कॅसेटी विकल्या आणि भरून दिल्या. मग सीडी आल्या. शेवटची दोन-तीन वर्षं गिऱ्हाइकांच्या मोबाइलची मेमरी कार्डं भरून दिली, आणि एक दिवस शटर कायमचं ओढलं. दुकान गेलं, पण जुन्या ध्वनिमुद्रणांचा नाद गेला नाही. माझ्याकडे या विषयातली पदवी नाही. जे कळलं ते यंत्रं उघडून, पुस्तकं वाचून आणि पुष्कळशा चुका करून कळलं. त्यातल्या एका चुकीचा हा हिशेब आहे.

२००३च्या सुमारास मी दुकानाबाहेर पाटी लावली होती : 'जुनी कॅसेट सीडीवर करून मिळेल.' लोक लग्नातल्या मंगलाष्टका घेऊन आले, गावच्या सप्ताहातली कीर्तनं घेऊन आले, वारलेल्या वडिलांचा आवाज घेऊन आले. मी कॅसेट डेकवर लावायचो, आवाज संगणकात घ्यायचो, कोरी सीडी राइट करायचो आणि वर दुकानाचं नाव छापलेलं गोल स्टिकर चिकटवायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "आता या कॅसेटचं काय करू?" मी सांगायचो, "टाकून दिली तरी चालेल. सीडीला काही होत नाही."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल, याची गणती नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, नेवासे तालुक्यातल्या एका गावाहून साठीच्या एक बाई पत्ता शोधत घरी आल्या. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीडी काढली. स्टिकर माझ्याच दुकानाचं होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'जात्यावरच्या ओव्या'.

"दादा, तुम्हीच करून दिली होती. आता लागंना."

आवाज त्यांच्या सासूबाईंचा होता. घरात पिठाची गिरणी आल्यावरही सणावाराला त्या जात्यावर बसत. तशाच एका वेळी मुलानं टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांना गायला लावलं होतं. सासूबाई गेल्या, पुढे तो मुलगाही गेला. मी विचारलं, "मूळ कॅसेट आहे का?"

"तुम्हीच म्हणले होते ना, टाकून द्या म्हणून."

मी सीडी उजेडासमोर धरली. स्टिकर एका बाजूनं सुटून वळलं होतं आणि सुटताना खालचा चंदेरी थर घेऊन आलं होतं. तेवढ्या जागेतून पलीकडची खिडकी दिसत होती.

*

आता थोडं मागं जायला हवं. मी ते वाक्य इतक्या विश्वासानं का सांगत होतो?

कॅसेटच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट अनुभवानं ठाऊक होती : प्रत ही मुळापेक्षा कमीच असते. एका कॅसेटवरून दुसरी भरली की खरखर वाढते, दुसरीवरून तिसरी भरली की आवाजाची धार जाते. चौथ्या-पाचव्या पिढीत तबला कुठला आणि टाळ कुठला, हे सांगणं कठीण. म्हणून आम्ही 'मास्टर' जपायचो आणि गिऱ्हाइकाला कधीच द्यायचो नाही.

सीडीनं हा नियमच मोडला. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचं प्रमाण ठरवलं, ते १९८०मध्ये. त्या नियमपुस्तिकेच्या लाल मुखपृष्ठामुळे तिला 'रेड बुक' असंच म्हणतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. सीडीवर आवाज नसतोच, असतात आकडे. आवाजाच्या लहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहायची. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. ४४,१०० हा विचित्र आकडाही हवेतून आलेला नाही. त्या काळी असे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. अमेरिकी आणि युरोपीय, दोन्ही पद्धतींच्या व्हिडिओत नेमका बसणारा तो आकडा आहे : २४५ रेघा, ६० वेळा, दर रेघेत ३, किंवा २९४ रेघा, ५० वेळा, दर रेघेत ३. दोन्ही गुणाकारांचं उत्तर एकच येतं.

आकड्यांची प्रत काढताना खरखर वाढत नाही. ७ची प्रत ७च असते. शंभराव्या पिढीतही ती ७च राहते. आम्हा कॅसेटवाल्यांना हा चमत्कारच वाटला. मास्टर आणि प्रत हा भेदच संपला, मग मास्टर जपायचा कशाला? माझ्या त्या वाक्याच्या मागे हा तर्क होता. तर्कात खोट नव्हती. आकडा बिघडला तर ते कळेल, असं मी गृहीत धरलं होतं, तिथे खोट होती.

*

सीडीवर ओरखडा पडणार, बोटांचे ठसे उमटणार, हे ती घडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेल्या पद्धतीचा आधार घेतला. ध्वनीच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट तपासणीसाठी जादा लिहायचे, आणि सलग येणारे आकडे सलग न ठेवता दूरदूर विखरून ठेवायचे. पोथीच्या एका ओळीतली अक्षरं शंभर ओळींत वाटून लिहिली, तर एका जागी पाणी सांडल्यानं एकच ओळ पुरती पुसली जाणार नाही. प्रत्येक ओळीतलं एखादंच अक्षर जाईल, आणि ते शेजारच्या खुणांवरून परत लावता येईल. तसंच हे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग खराबी या पद्धतीनं पूर्णपणे भरून निघते.

त्यापलीकडचं नुकसान असेल तर? तेव्हा प्लेअर अंदाज करतो. हरवलेल्या आकड्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा पाहून मधला स्वतःच ठरवतो आणि वाजवतो. अंदाजही जमला नाही, तर क्षणभर गप्प बसतो. हे सारं इतक्या झटकन होतं की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. गाणं ऐकायला बसलेल्या माणसासाठी ही सोय उत्तमच. पण प्रत काढायला बसलेल्या माणसासाठी ती फसवणूक ठरते, कारण खरा आकडा कोणता आणि प्लेअरनं पदरचा घातलेला कोणता, हे तो सांगत नाही.

संगणकाच्या माहितीसाठी जी सीडी बनली तिच्यात हा धोका ओळखून तपासणीचा आणखी एक थर घातला गेला. एका खणात २,३५२ बाइट मावतात, पण माहितीच्या सीडीत त्यातले २,०४८च माहितीसाठी वापरले जातात आणि उरलेले पत्ता व तपासणी यांसाठी राखले जातात. गाण्याच्या सीडीत मात्र सगळे २,३५२ बाइट ध्वनीचेच. एका सेकंदाचे असे ७५ खण. कुठला खण कुठे सुरू होतो याचा नेमका पत्ताही ध्वनीच्या आत लिहिलेला नसतो. त्यामुळे गाण्याच्या सीडीची संगणकावर प्रत काढणं, ज्याला आपण 'रिप करणं' म्हणतो, हे एखादी फाइल उचलून ठेवण्याइतकं सरळ काम नाही. वाचक काचरत वाचतो, कधी थोडं मागून सुरू करतो, कधी पुढून, आणि अडखळला की स्वतःच्या मनचं वाचून दाखवतो.

हे वाचल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला नेवाशाची आठवण न होणं अशक्य आहे.

*

शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असं परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी मात्र आज कुठेच नाही. जी ज्ञानेश्वरी आपण वाचतो, ती प्रतींच्या प्रतींमधून आलेली आहे.

त्या प्रतींचं काय झालं, हे पैठणच्या एकनाथांनी सांगून ठेवलंय. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४मध्ये, मूळ लेखनानंतर २९४ वर्षांनी, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पण पाठांतरांनी अबद्ध झाला होता, तो शोधून नीट केला, असं त्यांनी शेवटी नोंदवलं. पुढच्या लेखनिकांना एक ताकीदही दिली. या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवल्यासारखं होईल.

या ताकदीकडे मी पूर्वी केवळ नम्रतेचा भाग म्हणून पाहत होतो. आता ती मला प्रत काढणाऱ्याच्या धंद्याचा पहिला नियम वाटते. नाथांना फाटक्या पानाची तेवढी भीती नव्हती. फाटकं पान निदान दिसतं. भीती होती ती फाटलेल्या जागी बेमालूम बसवलेल्या ओवीची. हुशार लेखनिक जिथे अक्षर लागत नाही तिथे छंदाला शोभेल असं अक्षर बसवतो, वाचणाऱ्याला ठेच लागत नाही, आणि दोन पिढ्यांनी तोच मूळ पाठ होतो. सीडी प्लेअर हाच तो हुशार लेखनिक.

मग शुद्ध पाठ ओळखायचा कसा? त्यासाठी दुसरी प्रत हवी. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी बीडला सापडलेल्या पोथीवरून १९०९मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचं मांडलं, तेव्हा तिच्या जुनेपणाबद्दल वाद माजला. तो वाद तपासायचा तर पुन्हा दुसऱ्या पोथ्यांशीच ताडून पाहावं लागतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६मध्ये ते पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं अभ्यासली गेली. विष्णू सीताराम सुखटणकरांसारखे संपादक एकेका श्लोकाला या साक्षीदारांपुढे उभं करत गेले. एकटी पोथी कितीही देखणी असली तरी स्वतःच्या खरेपणाची साक्ष स्वतः देऊ शकत नाही.

*

सीडीच्या जगातही हीच गोष्ट शोधून काढावी लागली, आणि ती कुठल्या मोठ्या कंपनीनं नव्हे, तर माझ्यासारख्याच नादिष्ट लोकांनी काढली. १९९८मध्ये जर्मनीतल्या आंद्रे व्हिटहॉफ या विद्यार्थ्यानं 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या सीडींच्या प्रतींत येणारे टिकटिक आवाज त्याला सहन होईनात. त्याच सुमारास ख्रिस्तोफर मॉन्टगोमेरी यांचा 'सीडी-पॅरानॉइया' आला. नावातच संशय आहे, आणि पद्धतही संशयाचीच. एक खण वाचायचा, पुन्हा वाचायचा, दोन्ही वाचनं जुळली तर पुढे जायचं. जुळली नाहीत तर तोच खण पुन्हा पुन्हा वाचायचा. व्हिटहॉफच्या प्रोग्रॅमला १६ वाचनांपैकी निदान ८ वेळा तेच उत्तर मिळावं लागतं. शेवटी मेळ बसलाच नाही, तर कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला शंका आहे, हे तो लेखी देतो. प्लेअर चूक लपवतो. हा प्रोग्रॅम चुकीचा पंचनामा करतो.

तरी एक फट राहतेच. तीच सीडी तोच ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचत असेल, तर एकच चूक दहाही वेळा होऊ शकते. काही ड्राइव्ह तर दुसऱ्यांदा सीडीकडे न पाहताच आधीचं उत्तर आठवणीतून सांगतात, घोकंपट्टी केलेल्या पोरासारखे. ही फट बुजवायला 'अ‍ॅक्युरेटरिप' नावाची सोय निघाली. जगभर ज्यांनी ज्यांनी एखादी सीडी रिप केली, त्यांच्या प्रतीच्या आकड्यांवरून काढलेली एक छोटी संख्या, म्हणजे प्रतीचा जणू अंगठा, एका ठिकाणी जमा होतो. तुमच्या प्रतीचा अंगठा दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या अनोळखी माणसाच्या प्रतीशी जुळला, तर दोन वेगळ्या सीडी आणि दोन वेगळे ड्राइव्ह यांची साक्ष मिळाली. दोघांची नेमकी एकच चूक होणं जवळजवळ अशक्य.

प्रत मिळाल्यावर ती ठेवायची कशी, हाही प्रश्न होता. दुकानात आम्ही मेमरी कार्डावर एमपीथ्री भरायचो. १२८ किलोबिटांची एमपीथ्री म्हणजे मूळ सीडीच्या साधारण अकराव्या हिश्शात बसवलेला आवाज. कानाला जे जाणवणार नाही असं वाटतं, ते त्यात टाकून दिलेलं असतं, आणि टाकलेलं परत येत नाही. जॉश कोल्सन यांनी 'फ्लॅक' ही पद्धत काढली, तिची पहिली पक्की आवृत्ती २००१ची. त्यात काहीच टाकत नाहीत. आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल हे गणितानं ताडायचं आणि ताडलेला व खरा यांतला फरकच तेवढा लिहायचा. फरक लहान असतो, म्हणून जागाही कमी लागते, बहुधा निम्म्याच्या आसपास. उघडताना अंदाज अधिक फरक केला की मूळ आकडा जसाच्या तसा हाती. शिवाय सगळ्या ध्वनीवरून काढलेली एक मुद्रा फाइलीतच कोरलेली असते. पुढे एक आकडा जरी बदलला, तरी तपासणीत ती मुद्रा जुळत नाही.

मी माझ्या संग्रहातल्या सीडी अशाच एकेक करून रिप केल्या. बाजारात भरपूर खपलेल्या सीडींना बऱ्याचदा साक्षीदार भेटले. पण एखाद्या शाहिराची, भजनी मंडळाची, जिल्ह्यापुरती निघालेली सीडी लावली की पडद्यावर उत्तर यायचं : नोंद नाही. जगात दुसऱ्या कोणी ती तपासलेलीच नाही. आणि ज्या सीडी मी दुकानात राइट करून दिल्या, त्यांना तर साक्षीदार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्या एकुलत्या एक होत्या.

*

राइट केलेली सीडी आणि कारखान्यातून छापून आलेली सीडी दिसायला सारख्या, पण जातीनं निराळ्या. छापील सीडीत प्लास्टिकमध्येच खळगे दाबलेले असतात. कोऱ्या सीडीत रंगाचा एक थर असतो आणि राइटरचा किरण त्यावर डाग पाडतो. रंग उन्हानं, उष्णतेनं, दमटपणानं विटतो. विटला की डाग आणि कोरी जागा यांतला फरक पुसट होतो. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण सीडीची खालची, चकचकीत बाजू जपतो. तिथे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं. खरा धोका वरून असतो. चंदेरी थर वरच्या बाजूला आहे आणि त्यावर लाखेचा जेमतेम एक पापुद्रा. तिथे चिकटवलेलं स्टिकर वर्षानुवर्षं ओढ देत राहतं. म्हणजे दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून मी जे हौसेनं लावत होतो, तेच आतला आवाज उपटून काढत होतं.

त्या बाईंची सीडी मी तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावली. ५८ मिनिटांपैकी सुरुवातीची ३१ मिनिटं नीट आली. पुढे पंचनाम्यात शंकांची रांग लागली. जिथे चंदेरी थरच नाही तिथे वाचायला काही नव्हतंच. दुकानातल्या संगणकात मूळ फाइल असायला हवी होती, पण तो संगणक मी २०१०मध्ये भंगारात दिला होता.

मी फोन करून सांगितलं, "ताई, अर्ध्याच्या पुढं तुटक आहे." त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पाथर्डीच्या वन्संकडं एक असंल. दोन करून घेतल्या होत्या तवा."

दुसरी प्रत होती! त्या नणंदबाईंनी, म्हणजे गाणाऱ्या आजींच्या लेकीनं, ती लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली होती. ऊन लागलं नव्हतं, स्टिकर जागेवर होतं. बाहेरच्या कडेला मात्र रंग विटला होता. दोन्ही सीडी मी एकाच दिवशी, एकाच फाइलीवरून राइट केल्या होत्या, म्हणून आकडे मुळात एकच. आता तुलना करता येणार होती.

५८ मिनिटं म्हणजे ३० कोटींहून जास्त आकडे. दोन्ही पंचनाम्यांत जिथे शंका नव्हती, तिथे दोन्ही प्रती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळल्या. जिथे नेवाशाची तुटकी होती, तिथे पाथर्डीची बहुतेक धड निघाली. जिथे पाथर्डीची विटली होती, तिथे नेवाशाचा एखादा तुकडा उपयोगी पडला. आठ रात्री मी हे ताडत होतो. शेवटी ५४व्या मिनिटाजवळ २७ खण असे उरले, जे दोन्हीकडे गेलेले होते. २७ खण म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. एका ओवीतला एक शब्द.

*

हे एकट्यादुकट्याच्या घरातलं काम आहे असं वाटेल, म्हणून एक मोठं उदाहरण सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही बायकांचा प्रत्यक्ष आवाज बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात डॅट या डिजिटल टेपवर घेतला, सुमारे १२० तासांचा. डॅटची यंत्रं बनवणं सोनीनं २००५मध्ये थांबवलं. प्वातवाँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. तरी तो ठेवा बुडाला नाही, कारण तो एकाच जागी नव्हता. ध्वनिमुद्रणं संगीताच्या अभिलेखागारात ठेवली गेली होती, आणि २०१७च्या मार्चपासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी'नं त्या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. टेप टिकली की नाही यापेक्षा तिच्या प्रती किती हातांत गेल्या, यावर आवाजाचं आयुष्य ठरतं.

*

जोडलेली प्रत ऐकायला दोघी नणंदा-भावजया एका रविवारी माझ्याकडे आल्या. ५४व्या मिनिटाला आवाज क्षणभर थांबला आणि पुढे सुरू झाला. मी यंत्र थांबवलं आणि विचारलं, "इथं कोणता शब्द होता, आठवतं का?"

लेक लगेच म्हणाली, "इथं आई माझं नाव घेती."

सून म्हणाली, "नाही वन्सं, इथं त्यांचं नाव हाये." त्यांचं, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचं.

दोन्ही नावं दोन-दोन अक्षरी. दोन्ही त्या ओवीत बसतात. दोन्ही नावं आजींनी इतर ओव्यांत घेतलेली आहेत, एकाच चालीत, एकाच ठिकाणी.

सुनेनं मला विचारलं, "दादा, दुसरीकडं आलेलं नाव उचलून इथं लावता नाही का येत?"

लावता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे. आवाज त्याच आजींचा, जात्याची घरघर तीच, जोड कुणाच्या कानाला लागला नसता. पण कुठलं नाव लावायचं? आणि कुठलंही लावलं, तरी दहा वर्षांनी नातवंडं ऐकतील तेव्हा तो त्यांच्या पणजीचा शब्द असेल की माझा?

मी म्हटलं, "ते मला करता येणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेलं ते तुमच्यामुळं, आन् आता भरायलाही तुम्हीच नाही म्हणता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ती जागा मी तशीच, मुकी ठेवली. फाइलीसोबत एक कागद केला. कुठला भाग कुठल्या सीडीतून घेतला, ५४व्या मिनिटाला किती जागा रिकामी आहे, तिथे लेकीच्या आठवणीनं कोणतं नाव आहे आणि सुनेच्या आठवणीनं कोणतं, हे सगळं त्यात लिहिलं. पोथ्यांच्या संपादकांनी याला पाठभेद म्हटलं असतं. कागदाखाली दोघींनी सह्या केल्या. जाताना सून मला 'येते' म्हणाली, लेक काही बोलली नाही.

फ्लॅक फाइल मी पाच ठिकाणी दिली : नेवासे, पाथर्डी, पुण्याला नोकरी करणारा नातू, गावची शाळा, आणि एक माझ्याकडे. कोणतीही प्रत बिघडली तर उरलेल्या चार साक्ष देतील. तोंडानं घोकून घेतलं, "आता ही सीडी टाकून द्या" असं मी कोणालाही म्हणणार नाही. दोन्ही जुन्या सीडी वेगवेगळ्या घरांत, स्टिकर न ओढता, उभ्या डबीत ठेवायला सांगितल्या आहेत. उद्या याहून चांगलं वाचणारं यंत्र निघालं, तर पाथर्डीच्या कडेवरच्या विटलेल्या रंगातून ते दोन अक्षरी नाव कदाचित निघेलही.

ज्यांच्या कपाटात अशा सीडी आहेत, त्यांना एवढंच सांगतो. दिवाळीची झाडलोट काढाल तेव्हा त्या बाहेर काढा आणि याच वर्षी त्यांची प्रत करा. अडखळली तर तिची दुसरी प्रत कोणत्या आत्याकडे, कोणत्या मावशीकडे गेली होती, ते आठवा. आणि जे आलं नाही, ते आलं नाही म्हणून लिहून ठेवा.

माझ्या जुन्या वहीत त्या काळातल्या गिऱ्हाइकांची काही नावं आहेत. सगळी नाहीत. मी एकेकाला शोधून फोन करतो आहे. पहिला प्रश्न हाच असतो : कॅसेट टाकली का हो? बहुतेकांनी टाकलेली असते.